पंचवीस मिलिमीटरच्या उतारासाठी

नेरूळमधल्या आमच्या सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात, पंपरूमच्या शेजारी, पावसाळ्यात घोट्याएवढे पाणी साचू लागले त्याला आता काही वर्षे झाली. समोरच्या रस्त्याचे काँक्रिटीकरण झाल्यापासून हा त्रास वाढला, एवढ्यावर सगळ्यांचे एकमत होते. त्यापुढे मात्र प्रत्येकाचे मत वेगळे होते. ज्या कंत्राटदाराकडून दरपत्रक मागवले होते, त्याने कुंपणाच्या भिंतीलगतच्या गटाराकडे एकदा नजर टाकून ‘ढाळ आहे, साहेब, फक्त आतून प्लास्टर करून गुळगुळीत करावे लागेल’ असे सांगितले. ढाळ किती आहे, असे मी विचारले तेव्हा त्याने हाताचा पंजा तिरपा करून दाखवला. पुढच्या बैठकीत मी म्हणालो की पैसे देण्याआधी हा पंजा आकड्यात मांडावा, आणि अशा बैठकीत नेहमी होते त्याप्रमाणे ते काम माझ्याच गळ्यात पडले.

माझी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यात, इन्स्ट्रुमेंटेशन विभागात झाली. दाब, तापमान आणि टाक्यांमधली पातळी मोजणारी उपकरणे मी तीस वर्षे तपासली, पण जमिनीवर लेव्हल घेण्याचे, म्हणजे दोन जागांच्या उंचीतला फरक मोजण्याचे काम कधी केले नव्हते. फायदा एवढाच होता की मोजणीला हात घालण्यापूर्वी किती चूक चालेल हे ठरवायचे, ही सवय अंगवळणी पडलेली होती. गटाराची लांबी पंपरूमपासून फाटकाजवळच्या चेंबरपर्यंत ७८ मीटर भरली आणि तिथून रस्त्याकडेच्या पावसाळी गटारापर्यंत आणखी ६ मीटर. एवढ्या लांबीत एकूण उतार पाव मीटरच्या आसपास असावा आणि मधे कुठे उंचवटा असलाच तर तो दोन-तीन सेंटिमीटरचा असावा, असा माझा अंदाज होता. दोन सेंटिमीटरचा उंचवटा खात्रीने ओळखायचा तर मोजणीतली चूक पाच मिलिमीटरच्या आतच हवी. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि पुढची प्रत्येक निवड त्याच्याशी ताडून पाहिली.

पहिली सूचना अर्थातच मोबाईलची आली. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने दोन ॲप उघडून पार्किंगमध्ये उभे राहून उंची वाचली. एकाने ९ मीटर दाखवले आणि दुसऱ्याने उणे ५१. सगळे हसले, पण ती यंत्राची लहर नव्हती. उपग्रहांवरून मिळणारी उंची पृथ्वीच्या गणिती आकारापासून, म्हणजे लंबगोलापासून मोजलेली असते. समुद्रसपाटीचा खरा पृष्ठभाग भारताच्या आसपास या लंबगोलाच्या बराच खाली आहे आणि मुंबई परिसरात हा फरक सुमारे साठ मीटरांचा आहे. पहिले ॲप ती दुरुस्ती करत होते, दुसरे करत नव्हते. दुरुस्ती केल्यानंतरही मोबाईलच्या उंचीत काही मीटरांची चूक सहज राहते, आणि चहूबाजूंनी इमारती असल्या की भिंतींवर आपटून आलेले सिग्नल तिच्यात भर घालतात.

त्याच मुलाने मग मोबाईलमधल्या वायुदाबमापकाचा मुद्दा काढला. दाब हा माझा जुना विषय असल्याने मला त्यात गंमत वाटली. समुद्रसपाटीजवळ आपल्याकडच्या तापमानात एक मिलिबार दाब कमी झाला की सुमारे साडेआठ मीटर वर चढल्यासारखे होते. पण हवेचा दाब एका जागीही दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. आपल्या अक्षांशावर सकाळी दहाच्या सुमारास तो जास्त असतो आणि दुपारी चारच्या सुमारास कमी, आणि हा फरक तीन-एक मिलिबारचा असतो. मी मोबाईल दिवाणखान्यातल्या टेबलावर ठेवला, सकाळी वाचन घेतले आणि दुपारी पुन्हा घेतले. मधल्या सहा तासांत माझे टेबल सुमारे पंचवीस मीटर वर गेले होते. जिन्याने किती मजले चढलो हे सांगायला तो मापक चांगला आहे, कारण ते काम दोन-चार मिनिटांत संपते. पण माझ्या वहीतल्या पाच मिलिमीटरपासून तो फारच दूर होता.

यानंतर आमच्या कामावरच्या मिस्त्रींनी आपली पारदर्शक नळी आणली. बोटाएवढ्या जाडीची, पाण्याने भरलेली ही नळी मी कमी लेखणार नाही. दोन्ही टोकांतले पाणी एका पातळीत राहते, या तत्त्वावर आम्ही कारखान्यात कोट्यवधींच्या टाक्यांची पातळी मोजत आलो होतो. दोन्ही टोकांना भिंतीवर पेन्सिलीने खूण करायची, खुणेपासून गटाराच्या तळापर्यंत टेपने अंतर मोजायचे आणि वजाबाकी करायची, एवढीच रीत. ७८ मीटरसाठी चार टप्पे लागले. शनिवारी दुपारी तीन वाजता आम्ही सुरुवातीपासून फाटकापर्यंत ४४ मिलिमीटर उतार मोजला. माझे समाधान होईना म्हणून रविवारी सकाळी सात वाजता तेच पुन्हा केले, तर उतार ३१ मिलिमीटर निघाला.

‘काका, नळी खोटं बोलत नाही,’ मिस्त्री म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे एका अर्थी बरोबरच होते. पहिला संशय मी बुडबुड्यांवर घेतला, कारण उभ्या भागात अडकलेला बुडबुडा आपल्या उंचीएवढी चूक सरळ मोजणीत टाकतो. पण नळी दोन्ही वेळा मिस्त्रींनी नीट झटकून, एका टोकाने सावकाश भरून घेतली होती. मग लक्षात आले की शनिवारी चारपैकी दोन टप्प्यांत नळीचे फाटकाकडचे टोक उन्हात होते आणि मागचे सावलीत. पाणी ३० अंशांवरून ४५ अंशांवर गेले की त्याची घनता अर्ध्या टक्क्याहून थोडी अधिक कमी होते. उन्हातला उभा स्तंभ सव्वा मीटरचा असेल तर सावलीतल्या स्तंभाशी तोल साधायला तो सहा-सात मिलिमीटर अधिक उंच उभा राहतो, तिथली खूण तेवढी वर पडते आणि तळ तेवढा खाली असल्याचा भास होतो. दोन टप्प्यांचे मिळून तेरा मिलिमीटर. ज्यांनी कारखान्यात उन्हातल्या आणि सावलीतल्या पाण्याने भरलेल्या नळ्यांवरचे, दाबावरून पातळी कळवणारे ट्रान्समीटर सांभाळले आहेत, त्यांना ही चूक ओळखीची आहे. मला ती आठवायला अख्खी रात्र लागली याची थोडी लाज वाटली. मिस्त्रींना मी हे सांगितले तेव्हा ते शांतपणे म्हणाले की त्यांचे उस्ताद नळी नेहमी सकाळीच लावायचे, कारण मात्र कधी सांगायचे नाहीत.

सकाळची नळी बऱ्यापैकी विश्वासाची होती, पण दर टप्प्याला दोन मिलिमीटर धरले तरी चार टप्प्यांत मिळून चार मिलिमीटरची शंका उरत होती आणि रस्ता ओलांडून मोजायला ती सोयीची नव्हती. म्हणून दुसरे साधन शोधायला निघालो.

एका रहिवाशाचा अंतर्गत सजावटीचा व्यवसाय आहे. त्यांनी हिरव्या रेषेचा लेसर आणून दिला. खोलीत फरशा आणि कपाटे लावायला तो उत्तम, परंतु त्याच्या पुस्तिकेत दहा मीटरला तीन मिलिमीटर असे लिहिलेले होते, म्हणजे ७८ मीटरला तेवीस-चोवीस. शिवाय उजाडल्यावर रेषा भिंतीवर दिसेनाशी झाली. फिरता लेसर आणि त्याचा डिटेक्टर घेतला असता तर काम झाले असते आणि ते एकट्यानेही करता आले असते. मैदान सपाट करणाऱ्या किंवा मोठा स्लॅब टाकणाऱ्या माणसाने तोच घ्यावा, असे माझे मत आहे. माझ्यापुढे मात्र मोटारी, खांब आणि एक वळण होते.

भाड्याने सर्वेक्षणाची यंत्रे देणाऱ्या दुकानात गेलो तेव्हा तिथल्या गृहस्थांनी अगदी वरच्या टोकापासून सुरुवात केली. जीएनएसएस रोव्हर घ्या, म्हणाले, उपग्रहांवरून सेंटिमीटरमध्ये उंची देतो. उघड्या आकाशाखाली ते खरे आहे, आणि मैलभर पसरलेल्या जागेचा नकाशा करायचा तर त्याला तोड नाही. पण उंचीत त्याची चूक दीड-दोन सेंटिमीटरांची असते आणि सात मजली इमारतींच्या मधल्या फटीत तीही राखता येत नाही. कोन आणि अंतर दोन्ही मोजणारे टोटल स्टेशन चालले असते. कोन पाच सेकंदांपर्यंत (सेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) मोजणाऱ्या यंत्रात ८० मीटरवर दोनच मिलिमीटर फरक पडतो. पण ते चालवणारा माणूस सोबत घ्यावा लागणार होता आणि मला कोनांची नव्हे, फक्त उंचीची गरज होती. बारकोड असलेल्या स्टाफवर, म्हणजे मोजायच्या जागी उभ्या धरलेल्या खुणांच्या पट्टीवर, आपोआप वाचन घेणाऱ्या डिजिटल लेव्हलचा मोह मात्र मला खराच झाला. मिलिमीटरचा दहावा भाग पडद्यावर उमटताना पाहिला की माझ्यासारख्या माणसाचे मन विरघळते. भानावर यायला मदत केली ती आमच्या गटाराने. त्याचा तळ इतका खडबडीत होता की स्टाफ बोटभर सरकवला तरी वाचन दोन-तीन मिलिमीटर बदलणार होते. ज्या पृष्ठभागाचीच व्याख्या तीन मिलिमीटरपर्यंत पोहोचते, तिथे पुढचा दशांश वाचून मी फक्त स्वतःची समजूत घातली असती.

शेवटी साधी ऑटो लेव्हल, म्हणजे आडव्या रेषेत स्टाफ वाचायची तिपाईवरची दुर्बीण, घेतली. आपल्याकडचे कंत्राटदार तिला अजूनही ‘डंपी’ म्हणतात, जरी खरी डंपी हे १८३२ मध्ये विल्यम ग्रॅव्हॅट याने केलेले, बुडबुडा हाताने मधोमध आणावा लागणारे यंत्र होते. ऑटो लेव्हलमध्ये आत लोंबणारा एक कॉम्पेन्सेटर असतो. गोल बुडबुडा ढोबळमानाने मधे आणला की उरलेला तिरपेपणा तो स्वतः सावरतो आणि दृष्टिरेषा आडवी ठेवतो. बाजारात २०, २४ आणि ३२ पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणी मिळतात. पुस्तिकेत ‘एक किलोमीटर जाऊन-येऊन लेव्हलिंग केल्यास अमुक मिलिमीटर’ असा आकडा असतो. २४ पटीच्या यंत्राला तो बहुधा २ मिलिमीटर असतो. माझ्या जेमतेम पाव किलोमीटरच्या फेरीला तेवढे पुरेसे होते, म्हणून २४ पटीचेच यंत्र घेतले.

मात्र पुस्तिकेतला आकडा नव्या आणि नीट जुळवलेल्या यंत्राचा असतो, टेंपोत आदळत फिरलेल्या भाड्याच्या यंत्राचा नसतो. ऑटो लेव्हल निवडण्याचे माझे खरे कारण हेच होते, की तिची परीक्षा मला कुणाच्या प्रमाणपत्राशिवाय, आमच्याच गल्लीत, अर्ध्या तासात घेता येत होती. गल्लीच्या दोन टोकांना ५० मीटर अंतरावर दोन खिळे ठोकले. यंत्र बरोबर मध्यावर ठेवून दोन्ही खिळ्यांवर उभ्या धरलेल्या स्टाफवरची वाचने घेतली (वाचन जितके जास्त, तितकी जागा खाली), ती १.४६२ आणि १.२८७ आली, म्हणजे फरक १७५ मिलिमीटर. दृष्टिरेषा वर किंवा खाली झुकलेली असली तरी दोन्ही अंतरे सारखी असल्याने चूक दोन्हीकडे सारखीच पडते आणि वजाबाकीत निघून जाते, त्यामुळे हा फरक खरा मानायचा. मग यंत्र पहिल्या खिळ्याच्या मागे तीन मीटरवर नेले. तिथून जवळचे वाचन १.५१८ आले, म्हणजे दूरचे १.३४३ यायला हवे होते; ते १.३५१ आले. पन्नास मीटरमध्ये आठ मिलिमीटर चूक!

यंत्र परत नेले तेव्हा दुकानातले गृहस्थ म्हणाले, ‘साहेब, सगळे याच्यावरच काम करतात.’ करतही असतील, आणि यंत्रापासून मागच्या व पुढच्या स्टाफचे अंतर सारखे राखले तर आठ मिलिमीटरची चूक असलेल्या यंत्रावरही चांगले काम होते, हे मला मान्य आहे. परंतु आमच्या पार्किंगमध्ये एकाच जागेवरून जवळ-दूरची दहा-बारा वाचने घ्यावी लागणार होती. अंतरांत ३५ मीटरांचा फरक पडला की साडेपाच मिलिमीटर गेलेच. त्यांनी कुरकुरत दुसरे यंत्र दिले. त्यात चूक एक मिलिमीटर निघाली. कॉम्पेन्सेटर अडकलेला नाही ना, हे पाहायला दुर्बिणीतून स्टाफ बघत तिपाईच्या पायाला हलकी टिचकी मारली, तेव्हा चित्र थरथरून पुन्हा त्याच आकड्यावर येऊन थांबले. मग एक पायस्क्रू किंचित फिरवून बुडबुडा वर्तुळाच्या कडेपर्यंत सरकवला, तरी वाचन बदलले नाही.

स्टाफकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात आणि मीही केले असते. एकात एक सरकणारा ॲल्युमिनियमचा स्टाफ पूर्ण उघडून त्यावर स्टीलची टेप लावली, तेव्हा दुसऱ्या सांध्याच्या वरच्या सगळ्या खुणा चार मिलिमीटर खाली आढळल्या. बटण झिजल्याने सांधा पूर्ण वर बसत नव्हता. यंत्र कितीही चांगले असले तरी या स्टाफवर सांध्याच्या खालचे वाचन बरोबर आणि वरचे चुकीचे आले असते, आणि चूक कुठून आली ते कधी कळले नसते. दुकानातले तिन्ही स्टाफ उघडून, टेप लावून त्यातला एक निवडला. त्याला मागे गोल बुडबुडा होता, तोही महत्त्वाचा. तीन मीटरवरचे वाचन घेताना स्टाफ दोन अंश कलला तर जवळपास दोन मिलिमीटर जास्त वाचले जाते. ॲल्युमिनियम उन्हात वाढते हे खरे, पण दोन मीटरच्या वाचनात वीस अंशांच्या फरकाने जेमतेम एक मिलिमीटर, म्हणून ती काळजी सोडून दिली.

मेमधल्या एका रविवारी सकाळी साडेसहाला काम सुरू केले, कारण नऊनंतर काँक्रीटवरची हवा थरथरू लागते आणि स्टाफवरचे आकडे पाण्यात बुडाल्यासारखे हलतात. ‘अ’ विंगच्या दुसऱ्या पायरीवर छिन्नीने फुली कोरून तिची पातळी १००.००० मीटर धरली. स्टाफ मिस्त्रींनी धरला, वही चिटणीसबाईंनी सांभाळली. मागची वाचने (आधी पातळी काढलेल्या जागेवरची) आणि पुढची वाचने (नव्या जागेवरची) यांच्या बेरजांतला फरक शेवटच्या आणि पहिल्या पातळीतल्या फरकाएवढा येतो की नाही, हा पडताळा त्या दर पानाखाली करत होत्या. बँकेत नोकरी केलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. एकूण फेरी २४० मीटरांची झाली आणि पुन्हा पायरीवरच्या फुलीवर आलो तेव्हा २ मिलिमीटरचा फरक राहिला. चांगल्या कामाला १२ मिलिमीटर गुणिले किलोमीटरचे वर्गमूळ एवढी सूट देतात, ती आमच्या फेरीला सहा मिलिमीटरच्या आसपास येत होती.

पंपरूमजवळची पार्किंगची फरशी ९९.६१२ निघाली, आणि बाहेरच्या रस्त्याचा मधला भाग ९९.८४०, म्हणजे फरशीपेक्षा २२८ मिलिमीटर उंच. गटाराचा तळ सुरुवातीला ९९.३१२, फाटकाच्या चेंबरमध्ये ९९.२८७. म्हणजे ७८ मीटरला पंचवीस मिलिमीटर, ३१२० ला एक. कंत्राटदाराचा ढाळ होता तो एवढा! त्याहून महत्त्वाचे म्हणजे ४० मीटरवर तळ ९९.३३१ होता, सुरुवातीपेक्षा १९ मिलिमीटर उंच. प्लास्टर करून गुळगुळीत केले असते तरी पाणी या उंचवट्यामागे उभेच राहिले असते. मिस्त्रींच्या सकाळच्या नळीने तोच उंचवटा २२ मिलिमीटर दाखवला होता, हे मी सगळ्यांदेखत वहीतून वाचून दाखवले, आणि ते बरोबरही होते. रस्त्याकडेच्या गटाराचा तळ ९९.०५२ असल्याने सुरुवातीपासून ८४ मीटरला २६० मिलिमीटर उपलब्ध होते, म्हणजे ३२३ ला एक. तळ फोडून फाटकाकडे खोल करत नेला तर पाणी वाहणार होते.

बैठकीत एका सभासदांनी विचारले की भरतीच्या वेळी काय? नवी मुंबईत सिडकोने खाडीकाठी धारण तलाव आणि भरतीला आपोआप मिटणारी झाकणदारे केली आहेत. ती मिटलेली असताना जोराचा पाऊस आला तर आमचा उतार कितीही चांगला असला तरी उपयोगाचा नाही, ही शंका रास्तच होती. त्यांनी मोबाईलवरची उंची चार मीटर आणि वर्तमानपत्रातली ४.८ मीटरची भरती यांची वजाबाकी करून आपण समुद्राखाली असल्याचे सिद्ध केले होते. भरतीचे आकडे नौकानयनाच्या नकाशांच्या पायापातळीपासून, म्हणजे त्या नकाशांत शून्य धरलेल्या पातळीपासून मोजतात, आणि ती अपोलो बंदरला सरासरी समुद्रसपाटीच्या सुमारे अडीच मीटर खाली आहे. म्हणजे ४.८ मीटरची भरती समुद्रसपाटीच्या सव्वादोन मीटरांच्या आसपास वर येते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या उंच्या १९०९ मध्ये नऊ भरतीमापन केंद्रांवरून ठरवलेल्या पायावर आहेत, मुंबई महापालिकेचे जुने नकाशे टाउन हॉलच्या पायापातळीवर, आणि आमची पायरी माझ्या मर्जीने १०० वर. या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर विभागाच्या एखाद्या बेंचमार्कपासून, म्हणजे उंची ठरवून दिलेल्या पक्क्या खुणेपासून, लेव्हल पायरीपर्यंत आणावी लागेल. त्यासाठी हेच यंत्र पुरेल, फक्त रविवार जास्त लागतील. तो विषय आम्ही वेगळा ठेवला.

गटार जूनच्या आधी फोडून पुन्हा बांधले. दर पाच मीटरला मी पातळी देत होतो आणि मिस्त्री सकाळच्या सावलीत आपली नळी लावून ती तपासत होते. दोन ठिकाणी त्यांच्या नळीमुळे माझ्या वाचनातली चूक सापडली, त्यातल्या एका ठिकाणी आकडा १.५८६ ऐवजी १.६८६ लिहिला गेला होता. काम संपता संपता ‘अ’ विंगच्या पायऱ्यांवर ग्रॅनाइट बसवायचा ठराव आला. फुली झाकली जाण्याआधी मी एका सकाळी यंत्र पुन्हा आणले, गल्लीतल्या दोन खिळ्यांवर तपासले आणि बेंचमार्क पंपरूमच्या जोत्यावर हलवला. त्याची पातळी ९९.८७४ आहे, वही चिटणीसबाईंच्या कपाटात आहे.